झारच्या उजवीकडचं आसन

हे ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांचाही बसला नव्हता. तरी यातलं एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही.

गोठलेल्या नदीवर उजाडत होतं. रशियाच्या जुन्या राजधानीच्या कोटाचे बुरूज धुक्यातून एकेक करून वर येत होते, आणि राजवाड्याच्या भोजनशाळेत पंगतीचा म्हातारा कारभारी साव्वाती एका रिकाम्या आसनाभोवती घिरट्या घालत होता.

सीमेवरच्या वोरोनिन गढीला वेढा पडून दीड महिना झाला होता. आतली साडेतीनशे माणसं घोडे कापून खात होती, आणि त्यांतच साव्वातीची एकुलती लेक उल्याना होती. कुमक तयार होती, पण निघत नव्हती. कारण त्या दरबारात घराण्याच्या मानाप्रमाणे पंगतीला बसायचं आणि ज्या क्रमानं बसायचं त्याच क्रमानं लढायचं, असा रिवाज. आणि सरदार त्रोपीन व सरदार लुकाशिन यांत वरचा कोण, हेच ठरत नव्हतं. दुसऱ्याच्या हाताखाली गेलो तर नातवंडांनाही खाली बसावं लागेल, असं दोघंही म्हणत.

निवाडा करायचा झार मित्रोफाननं. थोरला भाऊ शिकारीत दगावला म्हणून तख्तावर आलेला हा बावीस वर्षांचा राजा कबुतराची जात पंखावरून ओळखी, पण माणसांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटे. जो शेवटी बोलून जाई त्याचंच त्याला पटे. सकाळी त्रोपीन वरचा ठरे, दुपारी लुकाशिन. तीन हुकूम सुटले, तिन्ही मागे घेतले गेले.

दुपारी पंगत बसली. झारच्या उजवीकडच्या आसनावर दोघांनीही हक्क सांगितला. खालच्या जागी बसण्यापेक्षा लुकाशिननं मेजाखाली फरशीवर बसकण मारली, त्रोपीन खांबासारखा उभा राहिला. तेव्हा साव्वाती शांतपणे पुढे झाला आणि स्वतःच त्या आसनावर बसला. या गुन्ह्याला शिक्षा एकच होती, शिरच्छेद.

"कारभारी," झार पुटपुटला, "तुम्ही चुकून बसलात ना?"

"नाही, महाराज. जाणूनबुजून. मला इथून उठवायचं, यावर दोन्ही सरदारांचं आता एकमत आहे. गढीत जो आधी पोचेल त्यानं येऊन उठवावं, मग मान खुशाल उडवा. तोवर आपण हुकूम बदलू नये, एवढीच भीक घाला."

झारनं त्रोपीनकडे पाहिलं, लुकाशिनकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा कुणालाही न विचारता म्हणाला, "बसा."

दोन्ही सरदार दोन वाटांनी असे उधळले, की शत्रूला दोन बादशाह चालून आल्याचा भास झाला. वेढा उठला. पण दोघेही एकाच घटकेला दोन दरवाजांनी गढीत शिरले, त्यामुळे निवाडा पुन्हा लटकला, आणि झार पुन्हा सकाळी एक, दुपारी एक बोलू लागला. साव्वातीला उठवायचा हक्क कुणालाच मिळेना. आणि त्या आसनावर जो बसला तो झारचा उजवा हात, मग त्याची मान उडवायचा हुकूम द्यायचा कुणी? उल्याना सुखरूप परतली, तिथंच बापाला पाव भरवू लागली. बत्तीस दिवस तो तसूभरही हलला नाही.

"मुळीच नाही?" भिंतीला टेकून माझी गोष्ट ऐकणाऱ्या द्वारकाकाकूंनी मला मध्येच विचारलं.

मुळीच नाही.

"मग बत्तीस दिवस मोरीला काय झार जात होता, त्याच्या वतीनं?"