काकूंच्या सायकलचं पुढचं चाक

"पोरगी सायकलवरून माझ्यामुळे पडली का, एवढंच मला शोधून द्या," टेलरकाका म्हणाले.

ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. बोटांच्या टोकांना निळा खडू लागला होता. कापडावर खुणा करायचा तो खडू जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसाच्या नखांतून निघत नाही.

खाजगी तपासनिसाचं ते ऑफिस लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होतं. तपासनिसाला सगळे दाजी म्हणत, कारण त्यांचा मेहुणा तसं म्हणायचा. बायको गेली तेव्हा तिच्या वस्तूंबरोबर तिचा हा भाऊही दाजींकडे राहिला. तो फायली लावायचा, चहा आणायचा आणि चुकीचे तर्क करायचा.

"सायकल कोणाची?" दाजींनी विचारलं.

"हिची." काकांनी बायकोचं नाव घेतलं नाही. "आमच्या सायकल क्लबात रविवारी एक संथ फेरी असते. नवशिके, म्हातारे, वजन कमी करायला आलेले, असे लोक. ती हिनंच सुरू केली. सगळ्यांच्या मागे राहायची, कोणी एकटं पडू नये म्हणून. ही गेल्यावर गेल्या रविवारी तिच्या आठवणीची फेरी ठरली. तिची सायकल तिच्या भाचीनं चालवायची. पाण्याच्या टाकीच्या उतारावर पुढचा ब्रेक लागलाच नाही. पोरीचं गळ्याजवळचं हाड मोडलं."

"आणि क्लब म्हणतो, तुम्ही सायकल नीट तपासली नाही."

"आज संध्याकाळी मीटिंग आहे. संथ फेरी बंद करायचा ठराव आणणार आहेत. हिचं एवढंच मागे उरलंय, साहेब."

"तपासली होती का?"

"शनिवारी दुपारी. चाक उचललं, फिरवलं, ब्रेक दाबला. जागच्या जागी थांबलं. तिनं शिकवलं होतं तसंच. पण सगळे म्हणतात, तू विसरला असशील. चार जण म्हणायला लागले की आपलं आपल्यालाच खरं वाटेनासं होतं."

"चाक काढलं होतं तुम्ही?"

"छे. ते मी कशाला काढू? आजारी पडायच्या आधी तिनं नवी ट्यूब घातली होती त्यात. ट्यूब चिकटू नये म्हणून माझा खडू कुटून चोळायची. मी वरून हवा भरतो फक्त."

काका जिना उतरून गेल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, मला तर वाटतं काकाच विसरले."

"तुला काय वाटतं ते कळलं," दाजी म्हणाले. "म्हणजे निदान काय नाही ते ठरलं. चल."

*

क्लबची खोली म्हणजे एक जुनी मोटार ठेवायची शेड होती. भिंतींवर फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत क्लबचेच लोक होते: हात वर करून, अंगठा दाखवून, गळ्यात पदक घालून. डोंगर, नदी, रस्ता, सगळं त्यांच्या मागे कुठेतरी दबून गेलेलं.

दाराशी एक फळा होता. वर लिहिलं होतं, 'लाजेची पाटी'. जादा ट्यूब न घेता फेरीला आलेल्यांचे चेहरे त्यावर चिकटवलेले. खाली मोठ्या अक्षरांत: 'ज्याच्याकडे ट्यूब नाही त्याने घरी चालत जावे. कोणी मदत करू नये. – कॅप्टन.'

"सायकलवर बसायचं सुख आणि त्यालाही छडी," दाजी म्हणाले. "या लोकांना शाळा सुटलेली सहन झाली नाही वाटतं."

काकूंची सायकल कोपऱ्यात उभी होती. दाजी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. ब्रेकची तार घट्ट होती. मात्र ब्रेकवरची छोटी खिट्टी उघडी होती. ती उघडली की चाकाच्या दोन्ही बाजूंची रबरं लांब जातात आणि फुगलेला टायर त्यांच्यामधून निघतो. चाक परत बसवलं की खिट्टी मिटायची असते. नाही मिटली तर मूठ कितीही आवळा, रबरं चाकाला पुरती टेकत नाहीत.

मग दाजींनी चाक हळूहळू फिरवलं. हवा भरायचा वॉल्व्ह सरळ उभा होता. टायरवर छापलेलं कंपनीचं नाव बरोबर त्याच्या डोक्यावर आलं होतं, कपाळावर टिकली लावावी तसं.

"बघितलंस?"

मेहुण्यानं वाकून बघितलं. "चांगला आहे टायर."

"तू चहा चांगला करतोस," दाजी म्हणाले आणि उठले.

शेडची किल्ली तिघांकडेच होती. पहिले आले अध्यक्ष. ते दातांचे डॉक्टर होते. पोटावर ताणलेल्या जर्सीवर त्यांचंच नाव छापलेलं, जणू रस्त्यात हरवले तर कोणी घरी पोहोचवावं.

"हे बघा, काकूंबद्दल आदर आहेच," ते म्हणाले. "पण संथ फेरीमुळे क्लबचा सरासरी वेग खाली येतो. दुसऱ्या क्लबांपुढे मान खाली जाते."

"शनिवारी दुपारनंतर इथे आला होतात?"

"नाही. दवाखाना होता."

"चाक काढता येतं तुम्हाला?"

"माझा ड्रायव्हर काढतो."

"तो फेरीला येतो?"

"येतो ना. मागून गाडी घेऊन."

"म्हणजे वेग त्याचाच मोजायला हवा," दाजी म्हणाले.

दुसरी आली ती क्लबची साप्ताहिक बातमी लिहिणारी बाई. सगळे तिला बातमीवाली म्हणत. तिची सायकल चिखलानं माखलेली होती. ब्रेक काकूंच्या सायकलसारखेच, रबराचे. दोन टायरांवरची नावं दोन दिशांना.

"ती सायकल मीच चालवायला हवी होती," ती म्हणाली. "काकूंनी मला सायकल शिकवली. आणि मिळाली कोणाला, तर जिला अजून धड वळता येत नाही त्या पोरीला."

"राग आला होता?"

"आला. लपवत नाही. पण ब्रेकशी मी खेळणार नाही. शनिवारी दुपारी मी इथेच होते, काकांचा फोटो काढला. हा बघा."

फोनमध्ये काका वाकून पुढच्या चाकात हवा भरत होते. वॉल्व्ह वर होता. ब्रेकची खिट्टी मिटलेली. टायरवरचं नाव खाली जमिनीजवळ, उलटं.

"नाव उलटं आलंय," मेहुणा म्हणाला. "फोटो चुकला."

"छापलात का हा?" दाजींनी तिला विचारलं.

"शनिवारी छापला. 'प्रेमाची सेवा' असा मथळा दिला होता."

"आणि या आठवड्याला?"

तिनं जरा नजर वळवली. "'निष्काळजीपणाचा बळी.' फोटो तोच वापरणार होते."

"काटकसर चांगली," दाजी म्हणाले.

तिसरा कॅप्टन. तो फ्लॅट विकायचा. त्याची सायकल बघून मेहुण्यानं आपोआप चपला झटकल्या, इतकी ती स्वच्छ होती. ब्रेक चाकाच्या मधोमध, पातळ चकतीवर बसलेले. टायरजवळ रबर नाही, खिट्टी नाही. दोन्ही टायरांवरची नावं वॉल्व्हच्या बरोबर वर. हँडलला पांढरी पट्टी गुंडाळलेली. फक्त डाव्या मुठीशी निळसर डाग होता.

"काकू म्हणजे या क्लबचा आत्मा," कॅप्टन म्हणाला. त्यानं हात छातीवर ठेवला. "भाची पडली तेव्हाही हॉस्पिटलात फुलं घेऊन पहिला मीच गेलो."

"आणि शनिवारी इथे आला होतात?"

"संध्याकाळी सराव करून येताना इथे डोकावलो. पाणी प्यायलो, गेलो. रविवारी पहाटे शर्यत होती. जिंकलो."

"पंक्चर झालं तर काय करता? ठिगळ लावून तीच ट्यूब?"

कॅप्टन हसला. "ठिगळाची ट्यूब मी माझ्या चाकात घालत नाही. उतारावर दगा दिला तर? शिवाय जादा ट्यूब नेहमी जवळ असते माझ्या. पाटी वाचली ना?"

"वाचली," दाजी म्हणाले.

बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, बाईच. रागही तिला, सायकलही तसलीच. कॅप्टन टापटीप माणूस आहे. मूठ तेवढी कशानं मळली कोण जाणे."

दाजी थांबले. त्यांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी बहीण म्हणायची, हा बघतो बरोबर, फक्त समजत नाही. खरं होतं तिचं."

*

संध्याकाळी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. टेलरकाका मागच्या रांगेत बसले. शेजारी भाची, हात गळ्यात बांधलेल्या झोळीत. तिनं दुसऱ्या हातानं काकांची बाही धरून ठेवली होती.

अध्यक्ष ठराव वाचायला उठले. दाजी म्हणाले, "तो कागद जरा खाली ठेवा. वाचल्यावर फाडायला जास्त लाज वाटते."

काकूंची सायकल त्यांनी मधोमध आणून ठेवली.

"तुम्ही सगळे एकच प्रश्न विचारत होतात: काका ब्रेक तपासायला विसरले का? मी दुसरा विचारला. ब्रेकची ही खिट्टी उघडली कशाला? ब्रेक तपासायला ती उघडावी लागत नाही. चाक काढायला लागते. शनिवारी दुपारच्या फोटोत ती मिटलेली आहे. म्हणजे काकांनंतर कोणीतरी हे चाक काढलं."

"हवेनं सैल झाली असेल," अध्यक्ष म्हणाले.

"दात पडतात तशी? नाही डॉक्टर. फोटोत टायरवरचं नाव वॉल्व्हपासून लांब, उलट्या टोकाला आहे. आज ते वॉल्व्हच्या डोक्यावर आहे. टायर नुसता घसरला असता तर वॉल्व्हही ओढला जाऊन वाकडा झाला असता. तो सरळ आहे. म्हणजे टायर काढून पुन्हा बसवलाय."

त्यांनी टायर उचकटला आणि ट्यूब बाहेर ओढली. तिच्यावर चौकोनी ठिगळ होतं.

"काका, काकूंनी घातलेली ट्यूब नवी होती ना?"

"नवी कोरी," काका म्हणाले. ते उभेच राहिले होते.

"म्हणजे नवी ट्यूब चोरीला गेली आणि तिच्या जागी ही आली. कोणालाही पाडायचं नव्हतं. कोणाला फक्त ट्यूब हवी होती. आता चोर बघू. अध्यक्षांना चाक काढता येत नाही. बाईंना येतं, पण त्यांच्या सायकलला अशीच खिट्टी आहे. चाक बसवलं की हात आपोआप तिकडे जातो. आणि नाव कुठे आलं याची त्यांना फिकीर नाही. चोर असा हवा, ज्याच्या सायकलला चकतीचे ब्रेक आहेत. टायर अडकला म्हणून त्यानं खिट्टी उघडली. पण चाक बसवल्यावर काही मिटायचं असतं हे त्याच्या हातांना माहीतच नाही. असा माणूस, की जो मेलेल्या बाईच्या सायकलची ट्यूब चोरतानाही टायरवरचं नाव वॉल्व्हवर जुळवल्याशिवाय राहू शकत नाही. ब्रेक विसरला. शोभा नाही विसरला."

कोणी वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

"हे सगळे अंदाज," कॅप्टन म्हणाला.

"काकू ट्यूबला काय चोळायच्या, काका?"

"माझा खडू," काका म्हणाले. "निळा."

मेहुण्यानं कॅप्टनच्या सायकलच्या डाव्या मुठीकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"पुढचा टायर खोला," अध्यक्ष कॅप्टनला म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच अध्यक्षाचा वाटला.

कॅप्टननं खोलला. वॉल्व्हच्या बुडाशी, जिथे फडकं पोहोचत नाही तिथे, निळी भुकटी बसली होती.

"दुकान बंद झालं होतं," कॅप्टन म्हणाला. "पहाटे शर्यत. जादा ट्यूब सरावातच संपली, मग पुन्हा पंक्चर. कोणाकडे मागितली असती तर पाटीवर माझाच फोटो लागला असता. मी ठिगळ नीट लावलं होतं. हवाही भरली होती."

"स्वतःच्या चाकात का नाही घातली ती?"

"मला शर्यत होती. ही काय, संथ फेरी. तेवढ्याला चाललं असतं."



"पोरगी पडल्यावर तुम्हाला कळलं," दाजी म्हणाले. "तेव्हा बोलला असतात तर तुम्ही नुसते विसराळू ठरला असतात. त्याऐवजी फुलं विकत घेतलीत, आणि या माणसाला रोज झोपेतून उठून स्वतःचे हात तपासायला लावलेत. मी खुनी बघितलेत. त्यांना निदान काहीतरी मोठं हवं असतं."

"मी तुमची फुलं पाण्यात ठेवली होती," भाची कॅप्टनला म्हणाली. "रोज पाणी बदलत होते." मग ती काकांकडे वळली. "काका, बसा ना आता. तुमचं काही चुकलं नव्हतं."

काका बसले नाहीत. ते पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. कॅप्टननं निळी भुकटी लागलेली ट्यूब त्यांच्या हातात दिली. काकांनी ती कापडासारखी घडी करून खिशात ठेवली. मग जमिनीवरची ठिगळाची ट्यूब उचलून कॅप्टनपुढे धरली.

"ही तुमची. घरापर्यंत जाईल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच कॅप्टनला ती घेता आली नाही. त्यानं टायर लोंबणारी सायकल खांद्यावर टाकली आणि तो फळ्यासमोरून, स्वतःच्या नियमाखालून बाहेर पडला. शर्यतीच्या बुटांना खाली पत्रा असतो. फरसबंदीवरून त्याची टकटक बराच वेळ ऐकू येत राहिली, आणि आपल्याकडची ट्यूब घेऊन त्याच्या मागे कोणीही उठलं नाही.

अध्यक्षांनी ठराव घडी करून खिशात घातला. बातमीवालीनं फोन पिशवीत टाकला.

काका सायकलपाशी बसून ट्यूब आत सारत होते. भाची एका हातानं चाक धरून होती. मेहुणा मदतीला वाकला आणि म्हणाला, "काका, टायर जरा फिरवा. नाव वॉल्व्हसमोर येईल. छान दिसेल."

"नको," काका म्हणाले. "नाव जिथे येईल तिथे राहू द्यायची ती."

दाजींनी हवेचा पंप उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.