एक ठोका जास्त

पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी बी.एस्सी. झालो आहे, मलाही पटलं नव्हतं. पण हे माझ्या भालचंद्रकाकांच्या दवाखान्यात घडलं, आणि थापा मारणं हा काकांचा स्वभाव नव्हता.

ग्वाल्हेर, लष्कर, नया बाजार. मे १९३६. भर दुपार.

टेबलावर मंदाताईंचा सूर्या होता. चार महिन्यांचा. जन्मला तेव्हा डोकं बेताचं होतं. आता दर आठवड्याला डोकं मोजायची टेप अर्धा इंच पुढे सरकत होती... आणि काकांकडे औषध नव्हतं. ते स्वतःवरच चिडले होते.

मुंबईच्या सर्जनांनी कळवलं होतं : अंधारात डोक्यामागे बॅटरी धरा. उजेड आरपार आला, तर आत मेंदू नाही, नुसतं पाणी आहे. मग ऑपरेशनसाठी पाठवू नका.

काकांनी दारं लावली, वाळ्याचे पडदे सोडले. मंदाताईंनी बॅटरी धरली.

सगळं डोकं लाल उजळलं...

आत कुठेच सावली नव्हती.

"काय दिसतं, डॉक्टरसाहेब?"

"काही नाही, ताई. तेच तर दुखणं आहे."

शेवटची तपासणी म्हणून काकांनी कवटीवर बोटाने तीन ठोके दिले. फुटक्या मडक्यासारखा आवाज. पाणी साठलं की येतो तसा.

टक. टक. टक.

...टक.

काकांचं बोट हवेतच होतं.

"ताई, तुम्ही हात लावलात?"

"माझे दोन्ही हात बॅटरीवर आहेत ना."

काकांनी पाच ठोके दिले.

सहा ऐकू आले.

मंदाताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आहे ना आत कुणी? मग लिहा तसं. बोलावतील ते."

"मला वेड्यात काढतील."

"काढू द्या. तुमचं काय जातं? पोर माझं आहे."

काका वैतागून लिहायच्या टेबलाशी बसले. पत्रात एवढंच लिहिलं : उजेड आरपार.

मुंबईने नाही म्हटलं. सूर्या श्रावणात गेला.

काकांनी मला हे सांगितलं, तेव्हा मी लगेच म्हणालो, "कवटीचे सांधे उकलले असतील. दाबलेलं हाड परत वर येताना वाजतं."

"मीही तेच धरून चाललो होतो. म्हणून पत्राआधी खात्री केली. बोट लावलंच नाही. नुसते मनातल्या मनात सात मोजले."

"मग?"



"आठ आले... आणि तरी मी ते लिहिलं नाही."