मंगरूचा ओळंबा

वास्तुविशारद नंदिनीने आजवर पन्नासेक जुन्या चर्चंची मापं घेऊन तपासणी केली होती, पण राजुऱ्यापुढच्या जंगलकाठचं हे तिचं विशेष लाडकं. दोन हात रुंद दगडी भिंती, सागवानी तुळया, वर कवेलूंचं छप्पर आणि वेदीपुढे अर्धगोल कमान. मागच्या वर्षी दुरुस्तीत तीच कमान कोसळली आणि तिच्याखाली मंगरू गवंडी गेला. आता सिमेंटची नवी कमान उभी होती. पाहणी करून सही ठोकली की नंदिनी मोकळी.

किल्ली मंगरूच्या बायकोकडे होती. वच्छलाने दार उघडलं आणि ती उंबरठ्यावर बसली.

"मॅडम, या कागदात तरी खरं लिहान का?"

नंदिनी उगाच पिशवीत टेप शोधू लागली. खरं काय ते दोघींनाही ठाऊक होतं. चुना कच्चा आहे, कमानीखालचे लाकडी टेकू, ते सेंटरिंग, अजून पंधरा दिवस राहू द्या, असं मंगरू फोनवर गयावया करून सांगत होता. उद्घाटनाची तारीख हुकू नये म्हणून 'काढून टाका' म्हणणारी नंदिनीच. अहवालात मात्र तिने 'गवंड्याने परस्पर सेंटरिंग काढले' असं लिहिलं. तेव्हापासून त्याच्या भावाला, लहानूला, आसपासच्या गावांत कुणी कामाला बोलावत नव्हतं.

"आता ते उकरून काय मिळणार, वच्छलाबाई?"

"त्याचं नाव भेटन."

कमानीच्या मधोमध दोरीला एक पितळी ओळंबा लोंबत होता, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला वापरतात तसा.

"हा कोणी टांगला?"

"मीच. त्याचाच आहे. तो म्हने, मानूस काईबी सांगन, ओळंब्याले इचारा."

दोरी तिरकी दिसत होती. कमान कलली की काय, म्हणून नंदिनीने लेव्हल लावून पाहिली. कमान बिनचूक होती; तिरकी होती ती दोरीच. ती वेदीकडे गेली आणि मागे वळून बघते तर ओळंबा वेदीकडे झुकलेला. बाहेर सागाचं पानही हलत नव्हतं. ती वेदीच्या खिडकीशी सरकली. ओळंबा खिडकीकडे वळला आणि तसाच थांबला.

नंदिनीने वळून दाराकडे पाहिलं.

"दोरी हलवू नका, वच्छलाबाई."

"मी तं इथी बसली आहो, मॅडम."

नंदिनीच्या खांद्यावर काहीतरी थपकन पडलं. ओला चुना होता; सिमेंटच्या नव्या कमानीत तर चुना नव्हताच.

नंदिनीने पेन काढलं. 'सेंटरिंग माझ्या सांगण्यावरून काढले', एवढी एकच ओळ लिहायची होती. पण ती लिहिली की परवाना गेलाच, चारचौघांत तोंड दाखवायची सोय नाही. तिने 'काम समाधानकारक' लिहिलं, सही केली आणि कमानीखालून धावत बाहेर आली.

वच्छलाने तिला अडवलं नाही. ती आत डोकावली.

"दोरी सरळ झाली, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "आता तो इथी नाई."

ऊर्जानगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये नंदिनी पोचली तेव्हा अजून ऊन होतं. तिने सगळ्या खिडक्या लावल्या आणि पलंगावर अंग टाकलं. वीज गेलेली होती.

बंद पंख्याचा दांडा तिच्याकडे कलला होता.

ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

दांडाही सरकला.

छतातल्या हुकाभोवतीचा चुना ओला दिसत होता.