मोकळं मिनिट

त्या छोट्या रेडिओ केंद्रावर एक नियम होता. मुलाखतीत विचारणाऱ्याचा आवाज ठेवायचा नाही. प्रश्न कापायचे, उत्तरं तेवढी जोडायची. "लोकांना पाहुण्याचं ऐकायचं असतं, आपली टकळी नव्हे," असं म्हणत हा नियम घातला तो तिथल्या आताच्या निवेदिकेच्या वडिलांनी. बावीस वर्षं त्यांनी सुतारापासून सुईणीपर्यंत सगळ्यांना बोलतं केलं, आणि प्रत्येक मुलाखतीतून स्वतःला इमानेइतबारे कापून टाकलं.

ते गेल्यावर लेक त्यांच्या जागी आली. तिने कपाटं पालथी घातली. नऊशे मुलाखती मिळाल्या, पण बाबांचा आवाज औषधालाही सापडला नाही. आई अधूनमधून विचारायची, "मिळाला का गं?" मग लेक उगाच भांडी विसळायला घ्यायची.

बाबांची आणखी एक पद्धत होती. मुलाखतीआधी मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि खोलीची शांतता तेवढी ध्वनिमुद्रित करायची. प्रश्न कापला की तिथे भोक पडतं, त्याला या शांततेचं ठिगळ लावायचं. ते त्याला मोकळं मिनिट म्हणत.

त्या सकाळी म्हातारा नावाडी आला. पूल होण्याआधी अख्खं गाव त्याच्या होडीतून नदी ओलांडायचं. मोकळं मिनिट चालू असताना तो कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान डोलवत होता. लेकीला हसू आलं, पण शांतता बिघडेल म्हणून तिने ते गिळलं.

"आजोबा, दिवसाला किती फेऱ्या व्हायच्या?" तिने सुरुवात केली.

"पाणी आहे तेवढंच आहे. तुम्ही गेलात तेव्हाचं."

"पूल झाला तेव्हा वाईट वाटलं का?"

"करते की. तुमच्यापेक्षा काकणभर सरसच."

"होडीतून शेवटचं कोणाला उतरवलंत?"

"नाही. डबा तसाच दिसतोय."

विचारावं एक आणि सांगावं भलतंच. म्हातारा ठार बहिरा आहे, असं लेकीने ठरवलं. पण तो जायला निघाला तेव्हा ती हळूच म्हणाली, "सांभाळून, पायरी आहे," आणि तो लगेच "दिसली, पोरी," म्हणाला.

दुपारी ती कापायला बसली. आपले प्रश्न काढले, ठिगळं लावली. संगणकाच्या पडद्यावर त्या जागी सरळ रेघ होती, म्हणजे आवाज काही नाही. कानांवर हेडफोन चढवून तिने सुरू केलं.

पहिल्या ठिगळात कोणीतरी दोनदा बारीक खोकलं.

तिचा हात थांबला. प्रश्नाआधी असं दोनदा खोकायची सवय एकाच माणसाला होती.

"नदीला पाणी किती आहे हो आता?" बाबांनी विचारलं.

"पाणी आहे तेवढंच आहे. तुम्ही गेलात तेव्हाचं," नावाडी म्हणाला.

"पोरगी काम नीट करते का?"

"करते की. तुमच्यापेक्षा काकणभर सरसच."

"जेवली का ती?"

"नाही. डबा तसाच दिसतोय."

पडद्यावरची रेघ सरळच होती. लेकीला भीती वाटली नाही. छातीत काहीतरी इतकं मोठं भरून आलं की तिला नीट बसवेना. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून टपकत होतं आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं.

शेवटच्या उत्तरापुढे थोडी शांतता उरली होती. तिथे पुन्हा खोकला आला. "बाळा, जेवून घे."

तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिने जपून सगळं साठवलं आणि आईला फोन केला. "आई, ये. मिळाला."

आई ओल्या हातांनीच आली. लेकीने हेडफोन काढून ठेवले आणि आवाज मोठा केला.

नावाडी बोलला. मग शांतता. नावाडी बोलला. मग शांतता.

एकही प्रश्न उरला नव्हता. आई डोळे मिटून वाट पाहत राहिली.

"यात ते कुठे आहेत गं?"

तेवढ्यात, अगदी शेवटी, लेकीचाच आवाज आला, भरून आलेला. "जेवते, बाबा."

आईने टेबलावरच्या बंद डब्याकडे पाहिलं. "हे तू कधी म्हणालीस?"

लेकीने डबा पुढे ओढला आणि झाकण उघडलं. ते ती अजून म्हणालीच नव्हती.