चाळणी स्वच्छ, विहीर संकटात

आधी कोडं सांगतो, मग मला जरा बसू द्या. विहीर आज आणखी तीस मीटर खणली, वर दगडाचा चुरा आला जेमतेम दोन बादल्या. बाकीचा गेला कुठे?

समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवरची (विहीर खणायच्या ठाण्यावरची) ही माझी शेवटची खेप. चाळीस वर्षं खणताना विहिरीत सोडायचा चिखल कालवला, आता पाय बोलायला लागलेत. नात शाल्मली सुट्टीत आली होती. थरथरत्या चाळणीपाशी आमचा यंत्रमानव झिलू ऐटीत उभा होता.

"आबा, चाळणी बघा! एक खडा नाही."

"शाबास," मी म्हणालो. दमलेला माणूस चांगली बातमी तपासत नाही.

"पण आबा," शाल्मली म्हणाली, "खड्डा खणला की शेजारी ढीग लागतो ना? इथला ढीग कुठाय?"

अरे देवा! माझी झोपच उडाली. चुरा खालीच साचत होता. त्यात खणणारी फिरती नळी रुतली, तर विहीर सोडूनही द्यावी लागते. सगळ्यांची तीन महिन्यांची मेहनत पाण्यात!

"खणणं थांबवा! नळी फिरती ठेवा, पंप चालू राहू दे!" मी खणणाऱ्यांना फोनवर ओरडून सांगितलं आणि झिलूकडे वळलो. "चिखलात काय ओतलंस?"

"पाणी. घट्ट चिखलानं चाळणी बरबटते. स्वच्छ असली की मला गुण मिळतात."

गुणांची ती पद्धत मीच बसवली होती. आता कोणाला बोलणार?

शाल्मलीला सांगितलं, तेच तुम्हीही ऐका. पंप चिखल नळीतून तळाशी ढकलतो. नळीबाहेरच्या फटीतून वर येताना तो चुरा उचलून आणतो. चाळणी चुरा अडवते, गाळलेला चिखल पुन्हा खाली जातो. पातळ आमटीत डाळ तळाशी बसते, पिठल्यात मिरचीचे तुकडे वरच राहतात. चिखलालाही तशी श्यानता (द्रवाचा घट्टपणा) लागते. पण फार घट्ट झाला तर पंप धापा टाकतो.

"म्हणजे पिठलंच, पण पळीवाढं!" शाल्मली म्हणाली.

आम्ही बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) घातलं. तासभर चाळणीवर काहीच येईना. मी खरंच घाबरलो होतो. मग चुरा आला, इतका की झिलूचे दोन्ही हात अपुरे पडले.

"चाळणी घाण झाली. माझे गुण गेले," तो पुटपुटला.

"गाढवा, आजपासून गुण ढिगाचे. जितकं खणलं तितकं वर आलं का, ते बघायचं."

"नाही आलं, तर आबांना हाक मारू?"

"आबांना झोपू दे," शाल्मली ढिगात पट्टी रोवत म्हणाली. "मला हाक मार."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, विहीर चालू असताना मी डोळे मिटले.