बिरुदेवचं कोडं

ही गोष्ट खरी आहे.

ऐकणारे आधी हसतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं. गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत घडलेली आहे. ज्यांच्यासोबत घडली ती तिघंही आज धडधाकट आहेत, नोकऱ्या करतात. विचारलं तर विषय बदलतात.

आणि ही रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

टॉवेलच्या एका कारखान्याच्या माडीवर छोटंसं ऑफिस होतं. आसपासच्या पॉवरलूमवाल्यांना लागणारं सॉफ्टवेअर तिथं बनायचं. चौघं कामाला होती. भीमाशंकर सगळ्यात जुना, त्याच्यानंतर संघप्रिया, मग मनाली आणि बिरुदेव. खाली दिवसभर मागांची खडखड चालायची. ती इतकी सवयीची झाली होती, की कुणाला ऐकूच यायची नाही.

बिरुदेव दुधनीकडच्या एका वस्तीवरचा. काम एकदम चोख, पण बोलणं फार संथ. वाक्य अर्ध्यात आलं की तो थांबायचा, आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघत बसायचे.

"बिरू नव्याण्णव टक्क्यांवर अडकला," मनाली म्हणायची.

"बंद करून परत चालू कर बे त्याला," भीमाशंकर म्हणायचा.

त्यावर जे हसू फुटायचं, त्यात संघप्रियाचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. बिरुदेवही हसायचा. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

इन्स्टॉल सुरू झालं की हाताला काम नसायचं. मग कोडी चालायची. एकानं कोडं घालायचं, बाकीच्यांनी ओळखायचं, हरेल त्यानं चहा सांगायचा. चहा बहुतेक वेळा बिरुदेवच सांगायचा. त्यानं स्वतः कोडं असं कधी घातलंच नव्हतं.

त्या सोमवारी तो सुट्टीवर होता, वस्तीवर गेलेला. आणि नेमकं त्याच दिवशी सगळ्या मशीनवर नवीन व्हर्जन टाकायचं ठरलं. कुठं अडलं तर विचारायला बिरुदेव लागणारच होता. आदल्या संध्याकाळी संघप्रियानं त्याला फोन लावला. तो तेव्हा दुधनीच्या बाजारात होता.

"बिरू, सकाळी थोडा वेळ ऑनलाइन ये."

"वस्तीवर रेंज न्हाई ओ ताई... हिरीच्या कठड्यावर चढलं की जराशी येती."

"मग चढ की. आणि आत्तापासूनच चढायला सुरुवात कर, म्हणजे सकाळपर्यंत पोचशील."



मग तो हसला. नेहमीसारखा, उशिरा.

सकाळी तिघांनी ऑनलाइन मीटिंग उघडून ठेवली. बिरुदेव आला नाही. फोन लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. भीमाशंकर वैतागला, मनालीनं दोन टोमणे मारले, आणि शेवटी त्याच्याशिवायच काम सुरू केलं. मीटिंग तशीच एका स्क्रीनवर उघडी राहिली.

इन्स्टॉल गोगलगायीसारखं सरकत होतं. जेवणं झाली, तरी सरकत होतं.

"माझं लग्न ठरलं तेव्हा हे सुरू केलेलं," भीमाशंकर म्हणाला. "पोरगं शाळेत जायला लागलं."

"पूर्ण होईल तेव्हा तुमचा नातू बघेल," मनाली म्हणाली.

तेवढ्यात लाइट गेली.

खालचे माग एका झटक्यात थांबले. ऑफिसातले कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिले, पण पंखे बंद. एवढी शांतता त्या माडीवर कुणी कधी ऐकली नव्हती. कुणाची खुर्ची करकरली, तरी दचकायला होत होतं.

आणि त्या शांततेत... मीटिंगमध्ये कुणीतरी आल्याचा टुणकन आवाज झाला.

स्क्रीनवर नाव आलं. बिरुदेव.

कॅमेरा बंद. नुसता काळा चौकोन.

"आले साहेब," भीमाशंकर म्हणाला. "काय बे, सकाळ झाली का तुझी?"



फक्त एक आवाज येत होता. टप्... बराच वेळ काही नाही... टप्...

"नळ बंद कर की आधी," मनाली म्हणाली.

टप्...

"मी एक कोडं घालू का?"

आवाज बिरुदेवचाच होता. पण घुमल्यासारखा. पत्र्याच्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. बिरू आणि कोडं! संघप्रियानं खुर्ची पुढं ओढली.

"घाल, घाल. आम्ही रिकामेच आहोत."

"वर बघितलं की... आभाळ गोल दिसतंय. ताटाएवढं."

"पुढं?"

"खाली पाय टेकत न्हाईत."

"नव्याण्णव टक्के!" भीमाशंकर म्हणाला, आणि तिघं हसली.

"हाक मारली की... आपलीच हाक परत येतीया. दुसरं कुनीच येत न्हाई."

"अरे, सरकारी ऑफिस," मनाली म्हणाली.

पुन्हा हसणं. त्या बंद पंख्यांच्या खोलीत ते फारच मोठं वाटलं.

"सांगा... मी कुटं हाय?"

संघप्रियाला उत्तर लगेच सुचलं. सुचणारच होतं. हा कठड्यावर रेंजसाठी उभा आहे, खाली वाकून बघतोय आणि तेवढ्यावर कोडं जुळवतोय, हे तिला समोर दिसत होतं.

"विहिरीत!" तिनं टेबलावर थाप मारली. "ओळखलं की नाही? चहा तुझ्याकडं."

टप्...

टप्...

"बरोबर," बिरुदेव म्हणाला.

मग म्हणाला, "लई येळ लावला तुमी."

त्याच्या तोंडून हे ऐकून भीमाशंकरला हसू आवरेना. मनालीनं तोंडावर ओढणी धरली.

"आता अव्वाला सांगा की, ताई. मी हितं हाय म्हून."

"काय सांगू आईला?" संघप्रिया म्हणाली. हसताना तिला धाप लागली होती. "तुमचा बिरू विहिरीत बसून कोडी घालतोय, जेवायला वाढू नका?"

तिघंही पोट धरून हसली. बराच वेळ. त्या हसण्यात बिरुदेवचं नेहमीचं उशिराचं हसू कुणाला ऐकू आलं नाही.

ते आलंच नव्हतं.

हसणं थांबलं, तेव्हा काळा चौकोन गेलेला होता. लाइट आली. खाली माग सुरू झाले.

संध्याकाळी भीमाशंकरच्या फोनवर अनोळखी नंबर आला. बिरुदेवचा चुलतभाऊ होता.

भीमाशंकर ऐकत गेला, तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "कसं शक्य आहे?" तो म्हणाला. "दुपारी बोललो की आम्ही त्याच्याशी."

पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. भीमाशंकरनं फोन ठेवला. बाकीच्या दोघींकडं बघितलंच नाही.

"बिरू गेला," तो म्हणाला. "विहिरीत पडून. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेलाय. ऊन चढायच्या आधी. फोन खिशातच होता... पाण्यात."

मनाली रडायला लागली. संघप्रियानं दुपारच्या मीटिंगची नोंद उघडली. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यात दिसतं.

तिथं तीनच नावं होती.

त्या रात्री ती आईजवळ झोपली. आईनं विचारलं, "कामावर कुणी काही बोललं का?" ती नाही म्हणाली. खरं तर बिरू मेला, याच्यापेक्षा तिला दुसरंच टोचत होतं. त्यानं विचारलं होतं आणि तिनं थाप मारून उत्तर दिलं होतं. बरोबर उत्तर. वर चहा मागितला होता.

तो आधीच गेला होता, वाचणार नव्हता, हे तिनं स्वतःला कितीदा समजावलं. पण तिला तेव्हा ते ठाऊक नव्हतं ना. जिवंत माणूस समजूनच ती हसली होती.

दहाव्याला तिघं वस्तीवर गेली. ती विहीर बघायला कुणी गेलं नाही. घरापुढं छपराखाली बिरुदेवची आई, निंगव्वा, बसली होती. भीमाशंकर तिच्याशी कानडीत चार शब्द बोलला. तिनं मान हलवली. मग संघप्रियाला हात धरून शेजारी बसवून घेतलं.

"तुमीच का संघप्रियाताई? लई नाव काढायचा."

संघप्रियाला मान वर करता येईना.

"मला वाटलं, गेला आसंल दुधनीला मैतराकडं," निंगव्वा सांगू लागली. "कोन हुडकनार? दिसभर कुनी हुडकलं न्हाई ओ. दुपारी मी मिरच्या वाळत घालालते. आन्... हिरीकडनं आवाज आला."

"कसला?" मनालीनं विचारलं.

"हसल्याचा."

कुणी हललं नाही.

"दोन बाया आन् एक बाप्या. पोट धरून हसावं तसं. मी म्हटलं, आमच्या हिरीवर कोन आलंय हसाया? जाऊन बघितलं तर कुनीच न्हाई. आन् मग खाली बघितलं..."

निंगव्वानं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं काढला.

"त्या हसल्या म्हून घावला माझा लेक. न्हाईतर कुजला असता तितंच. देवाच्याच कुनी असत्याल, तायी. घावल्या तर वटी भरायची हाय त्यांची. खण आनून ठेवलाय."

भीमाशंकर उठून बाहेर गेला. मनाली जमिनीकडं बघत राहिली.

संघप्रियानं तोंड उघडलं. आम्हीच होतो अव्वा. एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढं, कशाला हसत होतो, ते सांगावं लागलं असतं.

तिनं तोंड मिटलं. निंगव्वानं वाढलेली भाकरी खाल्ली. निंगव्वा पाठीवरून हात फिरवत होती, आणि ती खात होती.

ते ऑफिस तिघांनीही सोडलं. एकमेकांना ते फोन करत नाहीत.

निंगव्वाचा फोन मात्र संघप्रियाला अधूनमधून येतो. पोराची मैत्रीण म्हणून. पाऊसपाण्याचं बोलते, शेळ्यांचं बोलते. शेवटी विचारते, "तुमी शिकलेली मान्सं. काय कळलं का ओ, कोन व्हत्या त्या बाया?"

"नाही, अव्वा."

मग थोडा वेळ तिकडून काहीच येत नाही. संघप्रिया फोन कानाला लावून थांबते. निंगव्वाचा श्वास ऐकू येत असतो.

आणि कधी कधी... त्याच्या मागं, जरा लांबून, कुणीतरी हसतं. हळू. सगळ्यांचं हसून झाल्यावर हसावं तसं.

"अव्वा, तिथं कोण आहे?" तिनं एकदा विचारलं.

"कुनी न्हाई की," निंगव्वा म्हणाली. "मी एकलीच हाय."