सात नंबरचा दिवा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं. माझ्या महिपतमामाच्या बाबतीत घडलेली आहे आणि मामा अजून आहे. त्याला विचारायला जाल, तर तो उठून आत निघून जाईल, एवढं आधीच सांगून ठेवतो.

साल शहाऐंशी. श्रावण महिना. रत्नागिरीहून पूर्णगडाकडे जाताना जांभ्या दगडाचा मोठा सडा, म्हणजे उघडं माळरान, लागतो. तिथे एका शेठचा गायींचा गोठा होता. आता नुसतं रान आहे.

मुंबईची गिरणी सुटली आणि मामा या गोठ्यावर राखणीला लागला. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, मिळवता हा एकटा. ही नोकरी गेली असती तर चूल पेटली नसती.

शेठ मोठा हौशी. त्याने परदेशातून एक यंत्र आणलं होतं. प्रत्येक गायीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी. गोठ्याच्या दाराच्या चौकटीत तारेचं वेटोळं. गाय दारात आली की वेटोळं डबीला विचारणार, तू कोण? डबी सांगणार, मी अमुक नंबर. लगेच मामाच्या खोलीतल्या फळीवर त्या नंबरचा दिवा लागणार, तो सकाळी बंद करेपर्यंत तसाच राहणार, आणि त्याच नंबरच्या गव्हाणीत पेंड पडणार.

गंमत म्हणजे डबीत सेल नाही, काही नाही. दारातल्या तारेतून हवेतल्या हवेत तिला जीव मिळायचा, तोही दारात असेपर्यंतच. आता तुमच्या गाडीच्या काचेवर टोलनाक्यासाठी पट्टी चिकटवतात ना? ऑफिसच्या दाराला कार्ड दाखवता ना? ती सगळी त्याच घराण्यातली.

यंत्राआधी गायी मोजायचं काम काशीवैनीचं. शेणगोठा करणारी विधवा बाई. संध्याकाळी दारात उभी राहायची, आत येणाऱ्या प्रत्येक गायीच्या पाठीवर हात ठेवायची आणि तिचं नाव घ्यायची. यंत्र आलं आणि शेठ म्हणाला, "आता हे हात लावणं पुरे."

मामाही तिला हसला होता. "वैनी, आता दिवेच बोलतात!"

त्या गायींत हरणी नावाची एक होती. सात नंबर. तिची आई मेली तेव्हा काशीवैनीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती. त्या श्रावणात हरणी गाभण, दिवस भरत आलेले. पट्ट्याने तिची मान सोलवटली, माश्या बसू लागल्या. मामाला बघवेना.

पण शेठचा हुकूम होता, पट्ट्याशिवाय एकही गाय दिसता कामा नये. शेठला सांगायची मामाची छाती झाली नाही.

मग त्याने डोकं चालवलं. हरणीचा पट्टा सोडला आणि चांदी नावाच्या गायीच्या गळ्यात बांधला. चांदी दारातून आली की दोघींचे दिवे लागतील. शेठ काही रोज येत नाही. जखम सुकली की परत बांधू. कुणाला कळतंय?

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं; पाऊस सुरू व्हायच्या आत गायी आल्या. फळीवरचे सगळे दिवे लागले. मामाने दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने काशीवैनी धावत आली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, छातीचा भाता चाललेला.

"महिपत, सड्यावरनं हरणी हंबरतेय. चल, बगू या."

मामाने फळीकडे बघितलं. सात नंबर लख्ख पेटलेला होता.



पट्टा चांदीच्या गळ्यात आहे, हे त्याला माहीत होतं. पण बघायला जायचं म्हणजे खरं सांगायचं. खरं सांगायचं म्हणजे ते शेठच्या कानावर जायचं.

"आत हाय ती, वैनी. दिवा लागलाय, बगा."

"मला तिचा आवाज कळत नाय काय रे?"

"वाऱ्याचा भास असल. घरी जा तुम्ही. सकाळी बगू."

ती गेली.

मग तो आवाज मामालाही आला... लांबून... आणि परत एकदा.

मामाने खोलीचं दार ओढून घेतलं.

सकाळी हरणी चिऱ्याच्या खाणीत सापडली. घसरून पडली होती. वासराचे पुढचे पाय तेवढे बाहेर आलेले. दोन्ही जीव गेले होते.

शेठ यायच्या आत मामाने काय करावं? चांदीच्या गळ्यातला पट्टा काढला आणि मेलेल्या हरणीच्या गळ्यात बांधला.

शेठ आला, त्याने फळी बघितली. "दिवा लागलाय, म्हणजे गाय आत आली होती. मग बाहेर कुणी सोडली? यंत्र खोटं बोलत नाही." संध्याकाळी गोठ्याकडे कोण आलं होतं, तर काशी. आळ तिच्यावर गेला. तिला त्याच दिवशी काढून टाकलं.

मामा तिथेच उभा होता.

जाताना काशीवैनी हरणीपाशी वाकली. तिच्या मानेवरून हात फिरवला. हरणी रात्रभर पावसात भिजलेली, अंगातून पाणी निथळत होतं.

पट्टा कोरडा होता.

काशीवैनीने मान वर करून मामाकडे बघितलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामाला वाटलं.

पट्टा मामाने कपाटात टाकला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला.

पुढच्याच संध्याकाळी गायी आत आल्या. मामाने दार लावलं...

आणि सात नंबरचा दिवा लागला.

मामा गोठ्यात धावला. सातव्या गव्हाणीत पेंड पडलेली. पुढची जागा रिकामी. शेजारी चांदी भिंतीला अंग घासून उभी, थरथर कापत होती.

आणि त्या रिकाम्या जागेतून... पेंड चघळल्याचा आवाज येत होता.

मग हे रोजचंच झालं. शेवटी पुण्याहून यंत्राचा माणूस आला. सगळं तपासलं. "डबी दारात आल्याशिवाय दिवा लागूच शकत नाही," म्हणाला. कंटाळून त्याने सात नंबरचा बल्बच काढून नेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वीज गेली. फळी काळीठिक्कर.

मामाने नको नको म्हणत वर बघितलं...

बल्ब नव्हता त्या जागी उजेड होता.

त्याने कपाट उघडलं. पट्टा जिथल्या तिथे होता.

ओलाचिंब. टपटप पाणी गळत होतं.

मामा अनवाणी पळत सुटला तो थेट काशीवैनीच्या घरी. ती कंदील लावून ओटीवर बसलेली. त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं, सगळं सांगून टाकलं आणि लहान पोरासारखा रडला.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पट्टा कोरडा व्हता. तू बोलशील म्हणून वाट बगत व्हते. गावात मला गायमारी म्हणतात रे. शेठला सांग. तेवढं नाव पुसून दे."

"सांगतो, वैनी. सकाळीच सांगतो."

काशीवैनीने कंदिलाची वात खाली केली.

"त्या दिवशी पण सकाळीच म्हणाला व्हतास."

मामाने शेठला सांगितलं नाही. सकाळ झाली, पोरं उठली, त्यांची तोंडं बघून त्याची जीभ उचलली नाही. दिवाळीच्या आधी गोठा बंद पडला. शेठ कुठे गेला कुणास ठाऊक. काशीवैनी तो आळ घेऊनच गेली.

परवा मी मामाला डॉक्टरकडे नेत होतो. वाटेत टोलनाका लागला. काचेवरची पट्टी वाचली गेली, टुं वाजलं, दांडा वर झाला. बघतो तर मामा वळून मागच्या सीटकडे बघतोय. चेहरा पांढराफटक.

"एकदाच वाजलं ना रे?"

"हो मामा, एकदाच."

वाजलं दोनदा होतं. आणि आमच्या मागे एकही गाडी नव्हती.